पार्क चौक ते सिद्धेश्वर बोलकी वाट: मोबाईल भलत्याच जागी बोलायला लागतो, काय करू?

जुना_टपालवाला

नमस्कार मंडळी.

मी सोलापूरचा. पोस्टमन होतो, ३४ वर्षं. आधी सायकलवर मंगळवार पेठ, चाटी गल्ली, बाळीवेस, नंतर लष्कर आणि सात रस्त्याकडची बीट. रिटायर झाल्यावर आलेल्या पाहुण्याला गाव दाखवायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण घरात उन्हातून चालायला तयार असणारा मी एकटाच. दिवाळीत पुण्याची नात आली होती. ती म्हणाली, "आजोबा, तेच तेच किती वेळा सांगणार? मोबाईलमध्ये भरून ठेवा. माणूस त्या जागी पोचला की मोबाईल आपोआप बोलेल." तिनं एक फुकटचं ॲप उतरवून दिलं. नकाशावर टिंब ठेवायचं, भोवती वर्तुळ काढायचं, आवाज आणि फोटो जोडायचे. माणूस वर्तुळात शिरला की आवाज सुरू.

मला हे भलतंच आवडलं. आठवडाभर तेच करत बसलो. पार्क चौकातून निघायचं, चार हुतात्म्यांचे पुतळे, भुईकोट किल्ला, तलावाच्या कडेनं सिद्धेश्वर मंदिर, मग महापालिकेचं इंद्रभुवन, आणि पाय दुखले नाहीत तर चाटी गल्ली. शेवटी रिक्षा करून भैय्या चौकात डॉ. कोटणीसांचं घर. एकंदर ११ टिंबं. आवाज माझाच. पंखा बंद, दारं बंद आणि डोक्यावरून चादर घेऊन भरला. चादरीत खोलीचा घुमारा येत नाही, हे नातीनं सांगितलं. सोलापूरची चादर या कामाला येईल असं तिच्या विणकरालाही वाटलं नसेल. घामाघूम झालो ते वेगळं.

आता अडचण. पहिली फेरी मेव्हण्याला घेऊन केली. किल्ल्याच्या बुरुजावर उभे राहिलो, खाली तलाव, मी खंदकाबद्दल काय सांगितलंय ते ऐकायला कान टवकारले, तर मोबाईल म्हणतो, "चपला इथंच काढा, आत योगसमाधी आहे." मंदिर पाण्यापलीकडं! मेव्हणा बुरुजावर चपला काढायला वाकला सुद्धा. (तो मुद्दाम वाकला, मला ठाऊक आहे.)

इंद्रभुवनापाशी उलटंच. समोर उभे राहिलो तर मोबाईल मुका. कंटाळून पुढं निघालो, चौक ओलांडला, आणि खिशातून आवाज आला, "समोर पाहा, अप्पासाहेब वारदांनी हौसेनं बांधलेली ही वास्तू." समोर पेरूचा गाडा होता. चाटी गल्लीत तर एक मजकूर अर्धा झाला की दुसरा, मग परत पहिला. आणि रिक्षात बसल्यावर जे काय झालं ते सांगत नाही.

तर विचारायचं असं, की वर्तुळ केवढं ठेवायचं? मी सगळीकडं ३०० मीटर ठेवलंय, कोणी चुकू नये म्हणून. मजकूर किती लांब असावा? हुतात्म्यांचा माझा साडेसहा मिनिटांचा झालाय आणि त्यातलं एक वाक्य कापायची माझी तयारी नाही. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेली ती चार माणसं: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. पुण्याला जाणाऱ्या गाडीचं नाव हुतात्मा एक्स्प्रेस का, हे गाडीत बसणाऱ्या दहातल्या नऊ पोरांना सांगता येत नाही. मी विचारून बघितलंय.

---

नकाशे_आणि_चहा

काका, मेव्हण्यांना माझा नमस्कार सांगा.

तुमच्या दोन तक्रारी दिसायला उलट आहेत, पण त्यातली पहिली सरळ आहे. ३०० मीटरचं वर्तुळ म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत ६०० मीटर. किल्ला आणि मंदिर एकाच तलावाच्या काठी. देवळाच्या वर्तुळात बुरूज येणारच. मोबाईलची चूक नाही, तुम्ही त्याला तसंच सांगितलंय.

दुसरी जरा खोल आहे. मोबाईलला "या वर्तुळात शिरलो की मला उठव" असं सांगून झोपू देता येतं. बॅटरी वाचते. पण ही सोय चालणाऱ्यासाठी केलेलीच नाही. अँड्रॉइड बनवणारे स्वतःच सांगतात, की वर्तुळाची त्रिज्या किमान १०० ते १५० मीटर ठेवा, आणि ॲप मागं झोपलेलं असेल तर जाग यायला दोनतीन मिनिटं लागू शकतात. आपण मिनिटाला ८० मीटर चालतो. तीन मिनिटांत तुम्ही पेरूच्या गाड्यापाशी.

म्हणून चालत ऐकायची वाट असेल तर ॲपमध्ये फेरी "सुरू" करून ठेवायची, म्हणजे ते सतत जागा बघत राहतं. बॅटरी खातं, पण तास दीड तासाच्या फेरीला चालून जातं. तसं केलं की वर्तुळ २५-३० मीटरवर आणता येतं. उघड्या आभाळाखाली चांगला मोबाईल पाचेक मीटरच्या आत जागा सांगतो. चाटी गल्लीत नाही सांगणार. उपग्रहाकडून येणारा संदेश दोन्ही बाजूंच्या भिंतींवर आपटून उशिरा पोचतो, मोबाईलला वाटतं आपण पलीकडच्या बोळात आहोत. तिथं दोन टिंबं शेजारी ठेवूच नका. गल्लीच्या तोंडाशी एकच ठेवा आणि आतलं सगळं तिथंच सांगून माणसाला आत सोडा.

आणखी एक. तुम्ही टिंब कुठं ठेवलंय, इमारतीवर ना? नकाशात नाव शोधलं की खूण इमारतीच्या बरोबर मध्यावर पडते. इंद्रभुवनच्या मध्यावर कोण उभं राहणार, आयुक्त?

---

सोरेगावकर

एवढा उद्योग कशाला करालाय वो काका. यूट्यूबवर टाका की. ज्याला बघायचंय तो बघतंय.

---

जुना_टपालवाला

सोरेगावकर, यूट्यूबवर माणूस घरी बसून बघतो. मला तो चालायला हवाय. आणि यूट्यूबला तुम्ही कुठं उभे आहात ते कळत नाही, "तलाव पाठीशी घेऊन उभे राहा" असं मी कोणाला म्हणू?

नकाशेसाहेब, तुमचं शेवटचं वाक्य वाचलं आणि डोक्यावर हात मारून घेतला. ३४ वर्षं हेच काम केलं आणि हेच विसरलो! पोस्टमनला इमारत लागत नाही, दार लागतं. पत्त्यावर लिहिलेलं असतं मंगळवार पेठ, वाड्याचं तोंड असतं भलत्याच बोळात. नवीन पोरगा बीटवर आला की पहिले आठ दिवस समोरच्या भिंतीला कागद दाखवत फिरायचा. मी तसंच केलं की.

काल सकाळी वही घेऊन परत सगळीकडं गेलो. या खेपेला इमारती बघितल्याच नाहीत, माणूस उभा कुठं राहतो तेवढं बघितलं. पुतळ्यांपाशी दुपारी बारा वाजता उभं राहणं म्हणजे शिक्षा आहे, पण जरा बाजूला झाडाखाली सावली आहे आणि तिथून चौघेही दिसतात. टिंब तिथं. किल्ल्यात दाराच्या आत नव्हे, बाहेर बागेतल्या बाकापाशी, कारण बसून तटाकडं बघता येतं आणि आत काय शोधायचं ते आधी कळतं. आत गेल्यावर देवळाचे जुने कोरीव खांब दिसतात, त्यांच्याजवळ एक वेगळं, छोटं. मंदिरासाठी टिंब तलावाच्या काठावर, चपला काढायच्या बऱ्याच आधी. आत मोबाईल बोलू नये, गप्प बसावं. ते मी अक्षरशः शेवटच्या वाक्यात घातलंय: "आता मोबाईल खिशात ठेवा."

उजवीकडं-डावीकडं पण काढून टाकलं. माणूस कुठल्या बाजूनं येतोय ते मला काय माहीत. आता "किल्ला पाठीशी घ्या", "पाणी दिसतंय तिकडं तोंड करा". पूर्वी लोक पत्ता असाच सांगायचे.

साडेसहा मिनिटांचं काय करायचं ते कोणी सांगितलं नाही.

---

अशोकचौकची_लेक

काका, माझं माहेर पूर्व भागातलं, अशोक चौकाच्या मागं. आमच्या घरात खाली लूम, म्हणजे माग, आणि वर आम्ही. वडील पद्मशाली, घरात तेलुगू, शाळेत मराठी, देवळात कन्नड कानावर पडायची आणि शेजारी उर्दू. तुमच्या ११ टिंबांत आमच्याकडचं एकही नाही. सोलापूरची चादर तुम्ही डोक्यावर घेतलीत, पण ती विणतात तिकडं फिरकला नाहीत.

रागावून लिहीत नाही. बाहेरचा माणूस आला की सगळे त्याला किल्ला आणि सिद्धेश्वर दाखवतात आणि चादर दुकानातून घेऊन देतात. पूर्व भागात पाय ठेवला की आधी आवाज येतो. खटखट खटखट, एका गल्लीत दहा कारखाने असतील तर सगळ्यांची लय वेगळी. मी लग्न होऊन नाशिकला आले तेव्हा पहिला महिनाभर झोप लागली नाही, इतकं शांत होतं. तो आवाज भरा. वर्णन कमी केलं तरी चालेल. नुसता एक मिनिट लूमचा आवाज, मग तो बंद केल्यावरची शांतता, मग तुम्ही बोला. जेकार्डचे भोकं पाडलेले पुठ्ठे कसे साखळीसारखे वरून फिरत येतात आणि जिथं भोक तिथं दोरा उचलला जातो, म्हणून चादरीवर मोर उमटतो, हे एकदा कळलं की चादर बघायची नजर बदलते. आमचे नाना हे पाहुण्यांना हातातला पुठ्ठा उजेडात धरून दाखवायचे.

मात्र एक विनंती. टिंब कोणाच्या कारखान्याच्या दारात ठेवू नका. लोक मोबाईल कानाला लावून दारात उभे राहणार, आत बायका कांड्या भरतायत, विड्या वळतायत, त्यांना काय वाटेल? कोपऱ्यावर, चहाच्या गाडीपाशी ठेवा. आणि आत जायचं असेल तर विचारून जा, हे मराठीत आणि तेलुगूत दोन्हीकडं सांगा. तेलुगू मी बोलून देते, हवं तर. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो, त्या दिवसाचा आवाज पण आहे माझ्याकडं, भावानं गच्चीवरून भरलेला.

साडेसहा मिनिटांबद्दल: माझ्या पोरांना घेऊन गेले तर दोन मिनिटांनी ती पळतील. पहिल्या दोन मिनिटांत नावं आणि तारीख सांगा आणि म्हणा, "थांबणार असाल तर पुढचं ऐका." थांबणारा थांबेल. कापू नका.

---

एक_कान_रस्त्यावर

थोडं वेगळं. माझे वडील बघू शकत नाहीत. पुण्यात त्यांच्याबरोबर अशी एक फेरी केली. सांगणाऱ्यानं "ही सुंदर कमान पाहा" म्हटलं आणि पुढं गेला. वडील म्हणाले, बरं, पाहिली.

काका, तुमच्या मजकुरात दगड हाताला कसा लागतो, किती पायऱ्या आहेत, पाण्याचा वास कुठून येतो हे घाला. "पुढं तीन पायऱ्या आहेत" एवढं वाक्य सगळ्या इतिहासापेक्षा मोलाचं असतं. शिवाय सुरुवातीलाच सांगा, इअरफोन एकाच कानात घाला. पार्क चौकात दोन्ही कान बंद करून चालणारा माणूस सिटी बसला ऐकू येत नाही आणि सिटी बस त्याला.

आणि ॲपची बटणं मोबाईलच्या वाचून दाखवणाऱ्या आवाजाला कळतात का ते एकदा तपासा. अर्ध्या ॲपमध्ये "बटण, बटण, बटण" एवढंच ऐकू येतं.

---

कुडलचा_वाटसरू

काकांनी गावातलं केलंय, मी तालुक्यातलं सुचवतो. हत्तरसंग कुडल. भीमा आणि सीना मिळतात तिथं. सोलापूरहून साधारण चाळीस किलोमीटर. संगमेश्वराच्या देवळात शके ९४० चा, म्हणजे १०१८ चा मराठी शिलालेख आहे. त्यात शेवटी कोरलंय, "वाछि तो विजेया होईवा". जो वाचेल तो विजयी होईल. काका, तुम्ही जे करताय ते तिथं हजार वर्षांपूर्वी कोणीतरी दगडावर करून ठेवलंय. जो इथं येऊन उभा राहील त्याच्याशीच बोलायचं, घरी बसलेल्याशी नाही. सोरेगावकरांना दाखवा.

शेजारच्या हरिहरेश्वराच्या देवळात ३५९ मुखांचं शिवलिंग आहे. मी दोनदा मोजायला बसलो, दोन्ही वेळा वेगळा आकडा आला.

पण तिकडं मोबाईलला रेंजचा भरवसा नाही. म्हणून मजकूर आणि नकाशा दोन्ही घरून उतरवून नेता यायला हवं. जागा ओळखायला इंटरनेट लागत नाही, ती थेट उपग्रहावरून कळते. इंटरनेट लागतं ते आवाज आणि नकाशा आणायला. बोलण्याचा आवाज साध्या दर्जात, एका मिनिटाला अर्धा एमबी धरा. तुमचे सगळे ११ मिळून चाळीस मिनिटं झाले तरी वीस एमबी. नातीनं पाठवलेला एक व्हिडिओ याहून मोठा असतो.

आणि मूळ रेकॉर्डिंग स्वतःजवळ ठेवा, पेनड्राइव्हवर, दोन ठिकाणी. अमेरिकेत डिटूर नावाचं ॲप होतं, ग्रुपॉन सुरू करणाऱ्या अँड्र्यू मेसननं काढलेलं, चालत ऐकायच्या फेऱ्यांचं. लोक त्याचं फार कौतुक करायचे. २०१८ मध्ये ते बोस कंपनीनं घेतलं आणि ॲप बंद झालं. फुकटच्या ॲपचं तर काहीच सांगता येत नाही. तुमचा आवाज त्यांच्या कपाटात आणि किल्ली त्यांच्याकडं, असं नको.

---

नकाशे_आणि_चहा

कुडलचा मुद्दा एकदम बरोबर. काका, मनात ६८ लिंगांची फेरी असेलच तुमच्या, म्हणून आधीच सांगून ठेवतो. आयफोन एका ॲपला एका वेळी फक्त २० जागांवर पाळत ठेवू देतो. अँड्रॉइड १००. म्हणजे सिद्धरामेश्वरांनी स्थापलेली ६८ लिंगं अँड्रॉइडमध्ये बसतात, आयफोनमध्ये नाही. फेरी "सुरू" ठेवून चाललात तर ही मर्यादा आड येत नाही, नाहीतर चालता चालता जवळची २० पकडायची आणि मागची सोडायची अशी सोय ॲपमध्ये हवी. ती आहे का ते बघून मगच आवाज भरायला बसा, चादरीत.

---

जुना_टपालवाला

सगळ्यांचे आभार. ६८ ची गोष्ट मनात होतीच, तुम्ही ओळखलंत. सिद्धेश्वराच्या यात्रेत भोगीच्या दिवशी सात नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, त्या सगळ्या लिंगांना तेल घालायला निघतात. माझा थोरला भाऊ काठी धरायचा. तिचं वजन काय असतं ते धरणाऱ्यालाच माहीत. ती फेरी मी कोणाच्या कानात घालणार नाही. ती बघायची तर तिच्या मागून चालावं.

अशोकचौकच्या लेकी, तू म्हणालीस ते लागलं, कारण खरं आहे. माझी बीट तिकडं कधी नव्हती म्हणून गेलो नाही, एवढंच. काल सायंकाळी गेलो. कोपऱ्यावर चहाची गाडी आहे, मालकानं विचारलं, कोणाला शोधताय? सवयीनं म्हणालो, पत्ता. तो हसला, त्याला वाटलं अजून नोकरीत आहे. लूमचा आवाज भरला, पण पाचच्या सुमाराला मागून मशिदीची बांगही आली. ती काढायला नात म्हणते सोपं आहे. मी ठेवली. तेलुगू तू बोलून दे, मजकूर पाठवतो. तुझ्या भावाच्या गच्चीवरचा रथाचा आवाजही पाठव.

हुतात्म्यांचे दोन भाग केले. पहिला एक मिनिट पन्नास सेकंद. दुसऱ्यात १९३० चं सगळं, गाव काही दिवस सरकारच्या हातात नव्हतं ते, मग मार्शल लॉ. चौघांची नावं मात्र दोन्ही भागांत घेतली, पहिला ऐकून निघून गेला तरी नावं कानावरून जावीत.

पायऱ्या मोजायला उद्या जातो. एक_कान, तुमच्या वडिलांना काठावरचा दगड कुठं गुळगुळीत आहे तेही सांगेन, मला माहीत आहे.

आता कन्नडचं राहिलं. सिद्धेश्वराला कर्नाटकातून एवढी माणसं येतात, सिद्धरामेश्वरांची वचनं मूळ कन्नडातली आणि मी मराठीत सांगत बसलोय. अक्कलकोट किंवा इंडीकडचं कोणी इथं असेल तर आवाज द्या. बायकांचा असला तर बरं, माझा ऐकून ऐकून लोक कंटाळतील. पैसे देता येणार नाहीत. कडक भाकरी आणि शेंगाचटणी पोस्टानं पाठवेन, पत्ता नीट लिहा, दार कुठल्या बोळात उघडतं त्यासकट.